ताईची ऊब

३ मार्च

चि. ठिणगीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी ताई शनिवारी तुझ्याकडे पोहोचते आहे. दहा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार नाही, असं तिचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मी फडताळाला कुलूप लावलंय. जन्मभर व्याकरण शिकवलं, उतारवयात बहिणीचा द्वारपाल झालो! दोन वेळा दोन-दोन पाव आणि वाटीभर भाजी मोजून देतो. लोकांदेखत खायला लाजते म्हणून ताट खोलीत नेते. तरी वजनाचा काटा ढिम्म. शपथेवर सांगते, जास्तीचं काही खात नाही. परवा मात्र पांघरुणात पावाचा चुरा सापडला. मी म्हटलं, बाईसाहेब, जठराग्नी मंद असेल, पण हात भलताच चपळ आहे. त्यावर ती नुसती हसली.

जेवल्यावर हिला हुडहुडी भरते, पाय जड झाले म्हणते. सगळी नाटकं! तुझ्या प्रयोगशाळेत एकदाचा न्याय कर.

लोभ आहेच, तेवढा मोजू नये.
दादा

१२ मार्च

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

ताईला आजच्या गाडीत बसवलं. तीन दिवस जेवणानंतर तिच्या डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवून श्वास मोजला, त्यावरून शरीर किती ऊब सोडतं ते कळतं. अन्न पचवताना प्रत्येकाचं शरीर थोडं तापतं, खाल्ल्यातला साधारण दहावा हिस्सा त्या उबेतच जातो. ताईची ऊब त्याहून बरीच कमी निघाली. म्हणजे हुडहुडी खरी आहे. पण हा फरक दिवसाला दोन-तीन चमचे साखरेएवढा. तेवढ्यानं कुणी लठ्ठ होतं, की लठ्ठपणामुळेच ऊब घटते, हे आम्हालाही नीट ठाऊक नाही. तेव्हा या आकड्यांच्या जोरावर तिच्यावर चोरून खाल्ल्याचा आरोप करू नकोस.

दुसरं, आणि महत्त्वाचं. तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. ती चरबी नाही, पाणी आहे. हृदयाच्या डॉक्टरांकडे लगेच ने. आणि दादा, ते कुलूप काढ. इथे मी समोर बसले तेव्हा पोटभर जेवली, आणि मग रडली.

माया आहे तशीच ठेव.
ठिणगी

२७ मार्च

चि. ठिणगीस, आशीर्वाद.

तारेनं कळवलं तेवढंच तुला ठाऊक आहे. बाकीचं लिहायला हात धजत नव्हता.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. शुक्रवारी वजनाचा दिवस होता. म्हटलं, एकदा काटा बघू आणि तसंच डॉक्टरांकडे जाऊ. चार दिवसांनी काय बिघडतं? गुरुवारी सकाळी ताट घेऊन गेलो तर ती खुर्चीतच होती, शाल घट्ट लपेटून.

काल तिचा शिवणाचा डबा उघडला. बटणांखाली, कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेले पाव. वाळून खडखडीत झालेले, एकालाही दात लागलेला नाही. एकोणीस होते. मी दिलेल्यातलेच, ठिणगे. चुरा त्यांचा होता. काटा हलावा आणि दादानं एकदा शाबास म्हणावं म्हणून ती आपल्या वाट्याचंही खात नव्हती. अन् काट्याला पाणी कळत नाही. मलाही कळलं नाही, आणि मला तर तू लिहून कळवलं होतंस.

सकाळी ती तशी दिसली, तेव्हा मी तिचे हात हातांत धरून बसलो. गार होते. ते नेहमीच असायचे, म्हणून बराच वेळ मी उठलोच नाही.

फडताळाची किल्ली सोबत पाठवतो आहे. ती या घरात नको.

लोभ ठेव म्हणायचा हक्क उरलेला नाही. तरी ठेव.
दादा