दिवेलागणीआधीचं ताट

तळेगाव, १२ डिसेंबर १९५४

मायच्या पायी नमस्कार, बहीण कांताला खूप माया.

जेवण झालं की छातीत जळजळतं, ही तुम्हा दोघींची तक्रार जुनी आहे. आपल्या घरात ती कुणी मनावर घेतलेली नाही.

माझी काळजी करू नका. सभांमधल्या भाषणांनी बसलेला घसा उघडतो आहे, रात्री थोडा खरखरतो इतकंच. इथल्या वैद्यांनी दिनचर्या लावून दिली आहे: पहाटे उठून कोमट पाणी, तिळाच्या तेलाच्या गुळण्या, अंगाला तेल आणि सूर्य मावळायच्या आत जेवण.

हेच तुम्हाला लिहून पाठवायला बसलो आणि जेवणापाशी हात थांबला. बाबा आणि भाऊ रूपराव ताटावरून उठले की मग तुम्ही बसता. तोवर रात्र होते, भाकर गार होते. माय म्हणेल, "माणसं जेवल्याबिगर मले घास उतरत नाई रे!" माय, मागून उतरलेला तोच घास जळतो आहे. मी इतके ग्रंथ वाचले, बायकांचं पोट वेगळं असतं असं एकातही लिहिलेलं नाही.

कपाशीचा वेचा आटोपला का? रूपरावचा खोकला कसा आहे?

बाबा रागावले तर हे पत्र त्यांच्या हाती द्या. पण पत्र पोचेल त्याच दिवशी दिवेलागणीआधी दोघी ताटं वाढून घ्या आणि सगळ्यांच्या आधी जेवा.

तुमचाच,
चंद्रभान