फुलांचं तोंड तुझ्या बांधाकडं

प्रिय मालन,

हे पत्र जीपवाल्या भुजंगच्या हाती देऊन राह्यले. तो जालन्याला तुझ्या दारात आणून देईल. हे अक्षताकडून वाचून घे, राजानंदकडून नको. तुझा थोरला मास्तर हाये, तो आधी माझ्या वेलांट्या दुरुस्त करंल, मंग तुला अर्थ सांगंल, आणि तो अर्थ त्याचाच असंल. नातीला वाचू दे. फोन केला असता, पण आमच्या घरातला फोन कल्याणच्या खिशात असतो, आणि तुझा फोन राजानंद सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावून देतो. माझा नातू कल्याण आणि तुझी धाकटी सून ज्योत्स्ना यांच्यात बांधावरून जुंपलीये, हे तिकडं कळलंच असंल. ज्योत्स्नानं बांधावरून उठावं असं निम्मं गाव म्हणून राह्यलंय. तुला कुणी काय सांगितलं ते मला ठाऊक न्हाई. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलेलं सांगते.

कल्याणनं औंदा रस्त्याकडच्या वावरात सूर्यफूल पेरलं. हरभरा पेर म्हणलं, ऐकलं न्हाई. तेही तेलासाठी न्हाई, फोटोसाठी पेरलं. राजूरच्या गणपतीला जाणारी गर्दी आपल्या वावराजवळून जाती. गाड्या थांबतील, पोरीबाळी फुलांत उभ्या राहून फोटो काढतील, माणशी पैसे घेऊ, असं त्यानं मोबाईलमधी कुठंतरी पाह्यलं होतं. कळ्या धरल्या तसा तो रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. संध्याकाळी सूर्य मावळतीला, आपला रस्ताही मावळतीला, मंग कळ्यांचं तोंड बराबर रस्त्याकडं. पोरगं खूश. त्याला वाटलं फुलं त्याच्याकडंच बघून राह्यलीत. सकाळी उठून वावरात जायची त्याला सवय न्हाई, न्हाईतर ती उगवतीकडं वळलेली तेव्हाच दिसली असती.

त्याचा दोस्त पप्पू, त्यानं जालन्याहून मोठा फलक छापून आणला. त्यावर सूर्यफुलं, मधी कल्याणचा गॉगल लावलेला फोटो, आणि खाली ‘सेल्फी पॉइंट’. फलक लागला आणि फुलं उमलली. उमलली ती सगळीच्या सगळी उगवतीकडं तोंड करून, आणि तिथंच थांबली. सकाळी उगवतीकडं, दुपारी उगवतीकडं, संध्याकाळी सूर्य रस्त्यावर आला तरी उगवतीकडंच. रस्त्यावरून बघावं तर नुसत्या हिरव्या पाठी. पहिली गाडी थांबली त्यातली बाई खाली उतरली, इकडं तिकडं बघितलं, आणि फुलं कुणावर रुसलीत का दादा, असं विचारून परत गाडीत बसली. मी तिथंच होते. हसू आवरायला पदर तोंडात घालावा लागला.

मंग दोघांनी काय करावं? सुतळी आणली आणि एकेक फूल धरून रस्त्याकडं फिरवून बांधायला लागले. नव्या नवरीचं तोंड धरून बळंच पाव्हण्यांकडं फिरवावं तसं. चार-दोन ओळीतच माना मोडल्या. मी म्हणलं, अरे गाढवा, मालन इथं असती तर तुझ्या कानाला धरलं असतं. त्याला कळलंच न्हाई मी काय म्हणून राह्यले. त्याला सूर्यफूल म्हणजे फोटोतलं ठाऊक. तुला आठवतं, सोयाबीन यायच्या आधी आपल्या शिवारात सगळीकडं हेच असायचं. सकाळी दंव उतरलं की हाताला मऊ फडकं गुंडाळायचं, आणि एका फुलावरून हात फिरवून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे पिवळी भुकटी लागून दाणे भरतात. तुझ्या ओळीतलं फूल मधोमध भरायचं, आमच्या ओळीत मधी पोकळ राहायचं. मी तुझ्यावर जळायचे, आता सांगायला काय जातं. आमच्याकडं रोजानं आलीस त्या पहिल्याच साली तू मला म्हणली होतीस, लहान हाये तवर सूर्यामागं फिरतंय, मोठं झालं की उगवतीला तोंड करून बसतंय, मंग देव आला तरी मान वळवत न्हाई.

उगवतीला आपल्या वावराच्या पलीकडं काय हाये? तुझं वावर. म्हणजे सगळं पीक आमच्या पाण्यावर वाढलं आणि तोंड करून उभं राह्यलं तुझ्या बांधाकडं. कल्याणच्या डोक्यात मंग उजेड पडला. त्यानं रस्त्यावर पैसे घ्यायचे आणि माणसं पांदीच्या वाटेनं फिरवून तुझ्या हरभऱ्यातून बांधावर धाडायची, असं सुरू केलं. ज्योत्स्नाला विचारलं न्हाई. तिचा नवरा, तुझा संपत, ट्रकवर, महिना महिना घरी न्हाई. घरात बाप्या न्हाई म्हणजे वावराला मालक न्हाई, असं या पोरांना वाटतं. हरभरा घाट्यावर आलेला आणि त्यात बूट घालून माणसं फिरून राह्यलेली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ज्योत्स्ना हातात विळा घेऊन पांदीच्या तोंडाला उभी राह्यली. विळा गवताचाच होता, पण माणसं थांबली. कल्याण धावत गेला. फुलं माझी हायेत, मी कुणालाही दाखवीन, म्हणला. मी मागून काठी टेकत जाऊन राह्यले होते, म्हणून बराबर ऐकलं. ती म्हणली, “फुलं तुमचीच हायेत दादा. ती कुठं बघतात ते तुमच्या हातात न्हाई. तोंड बघायचं तर माझ्या बांधावर यावं लागतं, आणि बांधावर कुणी यायचं ते मी ठरवीन.” आवाज चढवला न्हाई, शिवी दिली न्हाई, दादा म्हणायचं सोडलं न्हाई. मी एवढी वर्षं तोंड चालवून राह्यले, माझ्याच्यानं असं बोलणं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हरभऱ्याच्या कडेनं एक पाऊलवाट साफ केली, दोन्हीकडून दोरी बांधली, बांध झाडला, पोतं अंथरलं आणि त्यावर हरभऱ्याचे डहाळे जुड्या करून ठेवले. फोटो फुकट, डहाळे विकत. फलक न्हाई, गॉगल न्हाई. माणसं आपोआप जायला लागली. सकाळच्या उन्हात तिथून बघावं मालन, डोळे दिपतात. मी कधी कशाला छान म्हणत न्हाई, तुला ठाऊक हाये. पण हजार तोंडं एकदम आपल्याकडं बघून राह्यलीत असं वाटतं, आणि त्यांच्यासमोर ही एवढीशी बाई पदर खोचून सुट्टे पैसे मोजती. पोरं फूल तोडायला गेली की दटावती, दुसऱ्याचं हाये, हात लावायचा न्हाई. आमच्या फुलांवर राघू बसले तर डबा वाजवून उडवती. आमच्या कल्याणला राघू अजून दिसले न्हाईत.

त्याला काय दिसलं, तर तिचे विकलेले डहाळे. पारावर बसणाऱ्यांनी त्याला पेटवलं. एका बाईनं तुला हरवलं म्हणले. बाकी काय म्हणले ते मी लिहीत न्हाई, तुला सांगायची गरज न्हाई. बांधाची मोजणी आणू, असंही निघालं. मी म्हणलं आणा. तुझे मालक सर्जेराव आणि तू मोलमजुरी करून ते वावर घेतलं तेव्हा मोजणी झालीच होती. दोरी आमच्या माणसांनी धरली होती आणि दगड हातभर तुझ्याकडं सरकला होता. तू त्या दगडावर जाऊन बसलीस आणि म्हणलीस, मोजा पुन्हा, मी बसलीये. दुपार झाली, माणसं भाकरी खाऊन आली, तू बसलेलीच. शेवटी दगड हलला. आमचे मालक रात्रभर माझ्यावर चिडले, आणि सकाळी चहा पिताना म्हणले, बाई खरी होती. त्यांच्या तोंडून एवढं कुणाबद्दल निघालेलं मी ऐकलं न्हाई, माझ्याबद्दल तर न्हाईच.

परवा कल्याण हिरवी जाळी आणि बांबू घेऊन आला. बांधाला लागून आमच्या बाजूनं उंच जाळी ठोकायची, म्हणजे तिकडून कुणाला काही दिसणार न्हाई. आपलं पीक आपणच झाकायचं आणि तिचं पोतं रिकामं ठेवायचं, ही अक्कल. मी ओसरीवर लसूण सोलत होते. म्हणलं, ते वावर कुणाच्या नावावर हाये? तो बांबू मोजत राह्यला. म्हणलं, सातबारा काढून आण, त्यावर उषाबाई दिसंल. माझ्या वावरात बांबू रोवायला माझी मर्जी लागती, आणि ती न्हाई. जाळी जल्दी दुकानात परत दे, पावती असंल. जेवला न्हाई रात्री. सकाळी उपाशी पोटानं चार भाकरी खाल्ल्या. जाळी परत गेली. पप्पूचा फलक म्हशीच्या गोठ्यावर टाकलाय, गारव्याला बरा हाये. कल्याण वाईट न्हाई मालन, नुसता हरायची सवय नसलेला हाये. ती लागंल आता.

एवढं सगळं झाल्यावर काल संध्याकाळी ज्योत्स्ना आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राह्यली. मी आत ये म्हणलं, आली न्हाई. म्हणली, उद्यापासून पोतं टाकत न्हाई, सासूबाईंचा निरोप आलाय, ‘उठ तिथून, त्यांच्याशी वैर आपल्याला परवडणार न्हाई.’ रडली न्हाई, पण बोलताना माझ्याकडं बघितलं न्हाई. पत्र त्याच्यासाठी लिहून राह्यले. कल्याणच्या जाळीनं जे झालं न्हाई ते तुझ्या एका निरोपानं झालं. तुला कशाची भीती वाटती ते मला कळतं. ते कागदावर घालत न्हाई, पोरगी वाचून राह्यलीये. पण ज्या घराची भीती वाटती त्याच घरातून हे पत्र आलंय, आणि त्या घरात माझ्यापेक्षा मोठं अजून कुणी न्हाई. मी जित्ती हाये तवर तिच्या पोत्याला कुणी हात लावत न्हाई, आणि मी मरायच्या घाईत न्हाई. मंगळवारी अंगारकी हाये, रस्ता माणसांनी भरंल. त्याच्या आधी, राजानंद शाळेत गेला की तिला फोन कर आणि म्हण, बस तिथंच. एवढंच म्हण, मागं-पुढं काही लावू नको. सून तुझी हाये म्हणून तुला सांगावं लागून राह्यलं. माझी असती तर तुला विचारलंही नसतं.

तुझीच, बांधाच्या अलीकडची,
उषा