उरलेला अर्धा स्वॅब

३ फेब्रुवारी
हुश्श! उमरेडहून एसटीत तीन पिशव्या सांभाळत आले आणि रुजूही झाले. नागपुरात, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या डीएनए विभागात! शहराच्या कडेला, वाडीला खोली मिळाली. दिवसभर ट्रक धडधडतात, पण ऊन छान येतं. आल्याआल्या विभागप्रमुख जितेंद्र सरांनी माझ्या गालातला स्वॅब घेतला. कर्मचाऱ्याचा डीएनए चुकून पुराव्यात मिसळला तर ओळखता यावा, म्हणून इथे सगळ्यांचाच घेतात. मदतनीस सिंधूताई म्हणाल्या, आता तू आमची झालीस. बाबा हे बघायला हवे होते. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

७ फेब्रुवारी
पहिली केस. बुटीबोरीच्या कापड गिरणीतली चोवीस वर्षांची बाई, अत्याचार गेल्याच आठवड्यातला. स्वॅब एकच, म्हणून अर्धा कापून जपून ठेवला. आधी तिच्या पेशी फोडून बाजूला काढायच्या. शुक्रपेशींचं कवच चिवट, त्या मागे उरतात, त्या दुसऱ्या रसायनाने फोडायच्या.  तिच्या सांगण्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही म्हणे. बिचारीची सगळी भिस्त आमच्या कागदावर.

११ फेब्रुवारी
पुरुषाचा नमुना मिळाला. कर्मचाऱ्यांच्या यादीशी ताडला, तर माझ्याशी अर्धा जुळतो! सर रागावले नाहीत. नव्या माणसाकडून असं मिसळतं म्हणाले, उरलेला अर्धा तपासायला लाव. लाजेने मेले. हाही वाया गेला तर त्या बाईकडे काहीच उरणार नाही.

१४ फेब्रुवारी
पुन्हा तेच. मास्क, दुहेरी हातमोजे, सरांच्या देखत. काहीही मिसळलेलं नाही. हा वेगळाच माणूस आहे, पण डीएनएवर तपासतात त्या प्रत्येक ठिकाणच्या दोन आकड्यांतला एक माझा. एकही ठिकाण सुटत नाही. असं बाप-लेकीत दिसतं, नाहीतर आई-मुलात. मला मूल नाही.
बाबांची राख सावडायला मी स्वतः गेले होते.

१५ फेब्रुवारी
आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिथंबी आला काय तो? दार आतून लावून घेत जा वं पोरी. म्हणूनच तं मी त्याले—" तिने फोन ठेवला.
लहानपणी ती मला कधी एकटीला झोपू द्यायची नाही. मला ती माया वाटायची.

१७ फेब्रुवारी
प्रत्येक तपासणीसोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावतात. तिच्यात काहीच यायला नको. उरलेला द्राव आज पुन्हा लावला, तर तिच्यातही तो — ठळक. सर म्हणतात, पुरावा बाद लिही. म्हणजे ती बाई खोटी ठरणार. देवा, मी काय करू?

१८ फेब्रुवारी, दुपार
बाद नाही लिहिणार. तिचं वाटोळं माझ्या हातून नको — रिपोर्टच्या खोलीत आहे, दार आतून लावलंय. आरोपीचं नाव लिहिलं. ताराचंद. माझे वडील. वेडी म्हणोत —
सही राहिली —
सर दार ठोठावताहेत. विचारताहेत, आत तुझ्यासोबत कोण माणूस बोलतोय. मी एकटीच आहे, सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्याआधी बाबांनीच माझ्या तोंडून