आत्याची अन्य भाषा

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आजच्या प्रार्थनासभेत घडलं ते असं —

१. रेव्हरंड उजागरे म्हणाले, देवाने प्रत्येकाला एकेक कृपादान दिलेलं असतं. ज्याचं त्याला दिसत नाही, मंडळीला दिसतं. म्हणून एकेकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं.

२. बिभीषणमामांना आदरातिथ्य मिळालं. त्यांनी आजवर कोणाला पाणी विचारलेलं नाही. मामींनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला — हसू लपवायला.

३. मी उभी राहिले. मागून पंच कमिटीचे कारभारीकाका : "पोरगी फॅक्टरीचे काटे तपासती. आत्म्याची पारख हिला न्हाई तर कुनाला?"

४. सगळे "आमेन" म्हणाले.

५. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आहे. काट्यावर प्रमाणित वजनं ठेवते, फरक बघते. आत्म्यासाठी प्रमाणित वजन मिळत नाही. हे मी बोलले नाही.

६. दगडाआत्याला कोणी काही सांगितलं नाही. गरजच नव्हती. ती प्रार्थनेत अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याने सुचवलेल्या, कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलते, हे अख्ख्या शेवगावला माहीत आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आत्याला वाचता येत नाही. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, आणि मला अक्षरं जोडता येऊ लागली त्या दिवसापासून बायबल वाचायचं काम माझं. जेवणं झाली की एक अध्याय. क्रमाने. सध्या करिंथकरांस पहिलं पत्र चालू आहे.

आत्या गप्प ऐकत नाही.

"पौलाला बायकापोरं न्हवती ना? तरीच एवढं लिवायला सवड!"

मग माझ्यावर. "जरा जीव घाल की गं वाचताना. लाईट बिल वाचतीस का?"

म्हटलं, "शब्द तेच आहेत."

"शब्द हायेत. तू कुटं हायेस?"

मी पुढचं वचन वाचलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

उपासनेत प्रार्थनेच्या वेळी आत्या उभी राहिली आणि सुरू झाली. डोळे मिटलेले, तळवे वर. आवाज तिचाच, पण एरवी भाजीवाल्याशी भांडताना असतो तो नाही — मऊ, भरभर, मधेच गुणगुणल्यासारखा. शब्द कोणत्याच ओळखीच्या भाषेतले नाहीत. पुढच्या बाकावरची पोरं खिदळली. रेव्हरंड थांबले.

नंतर दारात कारभारीकाका : "संगमनेरचे पाहुने आल्ते. काय म्हनतील? आमी काय येडे हाय का?"

काकांचं कृपादान परवा ठरलं नाही. 'पाहुणे काय म्हणतील' असं एखादं असावं.

रेव्हरंड नवीन आहेत, आणि भले आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "निकिता, मंडळीने पारख तुझ्यात पाहिली आहे. पुढच्या रविवारी कमिटी बसेल. दगडाबाईंचं बोलणं पवित्र आत्म्याचं आहे की नाही, तू सांग. नसेल तर त्यांना थांबवावं लागेल."

मी म्हणाले, "बघते."

नाही म्हणायला हवं होतं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज एका फॅक्टरीचा मोठा काटा तपासला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आतला बाबू मला तिसरा चहा पाजायला बघत होता. पूर्वसूचना न देता गेलं की काटा असतो तसा सापडतो. हेच तत्त्व आत्याला लावायचं ठरवलं. ती पहाटे चहा ठेवते तेव्हा ओट्यापाशीच प्रार्थना करते. झोपताना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पिठाच्या डब्यामागे ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एसटीत हेडफोन लावून ऐकलं. काही आवाज फिरून फिरून येतात. व्याकरण आहे की नाही, सांगता येत नाही. मधेच स्पष्ट मराठीत — "निकी." मग पुन्हा तीच भाषा. पुन्हा "निकी."

यावरून काहीही सिद्ध होत नाही.

नगर आलं, ऑफिसचा स्टॉप. मी उतरले नाही. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, घरी न्यायची का गाडी?"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सभेत कारभारीकाका सगळ्यांदेखत : "काय दगडाबाई, आला का तुमचा रिपोर्ट?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. सभेनंतर घरी आलो. दार उघडताना म्हणाली, "मला काट्यावर ठिवलंस व्हय?"

मी रेकॉर्डिंगचं सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही.

"मग? किती ग्रॅम कमी भरले?" आणि हसली. मला वाटलं, मिटलं.

जेवणानंतर वाचायला बसलो. क्रमाने चौदावा अध्याय आला. त्यात पौल म्हणतो की अन्य भाषेचा अर्थ सांगणारा कोणी नसेल, तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसावं, आपल्याशी आणि देवाशी बोलावं. मी ते लाईट बिलासारखं वाचलं. आत्या पौलाला एक शब्द बोलली नाही. असं आधी कधी झालेलं नाही.

अध्याय ओलांडता आला असता. मी ओलांडत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आत्या उभी राहिली नाही.

रेव्हरंड प्रार्थनेत नेहमीच्या ठिकाणी थांबले. वाट पाहिली. पोरं मागे वळून बघत होती — खिदळायला तयार. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बेअरिंग गेलं आहे. शेवटी रेव्हरंडच "आमेन" म्हणाले, जरा घाईने.

कारभारीकाका दारात : "बरं न्हाई का तिला? लई सुनं सुनं वाटलं."

काका!!

कमिटी बसली नाही. रेव्हरंड म्हणाले, प्रश्नच उरला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पहाटे ओट्यापाशीही काही नाही. नुसता चहा. विचारलं.

"येत न्हाई गं," आत्या म्हणाली. "तोंड उघडलं की वाटतं, तू आयकतीयस. मग मीच माझं आयकाया लागते. मग बंद."

"मंडळीत बोलू नकोस हवं तर. पण घरी तरी —"

"आगं, मराठीत बोलंन त्याच्याशी. येत आसंल की त्याला मराठी! न्हाई तर तू हायेसच तपासाया."

हसली. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसत बसली. चहा उतू गेला, तिने पाहिला नाही.

मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पहाटे काही नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रभू,

इथे आजवर मी माझ्याशीच बोलत आले. आज तुझ्याशी बोलते आहे. पद्धत माहीत नाही.

आत्याची भाषा माझ्यामुळे बंद पडली. ती तुझी होती की तिची, मला कळलं नाही. आता विचारत नाही. ती तिला परत दे. मंडळीत नको असेल तर ओट्यापाशी दे. मी बाहेर जाऊन उभी राहीन.

रविवार, २३ तारखेपर्यंत उत्तर कळव.

निकिता