नाव घेऊन आलेली हाक

आप्पा, गुंजीच्या पलीकडच्या तुमच्या त्या डोंगरावर आता लोक हौसेनं तंबूत राहायला येतात. गेल्या महिन्यात मीही जाऊन आले. मुलगा कामासाठी परगावी, नातीला शाळेला सुट्टी, आणि सूनबाईंनी मला न विचारता फोनवरून ठरवून टाकलं. "आई, तुमचंच गाव ते, तुम्हाला छान वाटेल." माझं गाव कसलं ते? तुम्ही तिथं स्टेशनमास्तर होता, म्हणून बेळगावच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून मी सुट्टीत तिथं यायची, एवढंच. स्टेशन, शेजारी आपलं क्वार्टर, आणि क्वार्टरच्या मागच्या दारापासून सुरू होणारं रान. आणि तंबू म्हणे. आत कॉट, पंखा, उशीवर टॉवेलचा केलेला हंस. बाहेर झाडाला स्पीकर. माणसं शहरातून एवढ्या लांब येतात आणि पहिलं काम काय करतात, तर रानाला गप्प बसू देत नाहीत. मी तसं बोलूनही दाखवलं. कॅम्पचा मॅनेजर, टोपी उलटी घातलेला एक जवान गडी, हसत म्हणाला, "मॅडम, तुम्ही टीचर होता काय?" मी म्हटलं, "होते. आणि टोपी सरळ कशी घालतात तेही शिकवायची."

रविवारी तुम्हाला ड्यूटी नसली की आपण दोघं त्याच डोंगरावर जायचो. तुमच्या खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी, हातात कोयता. रानात नावानं हाक मारू नये, मारली तर ओ देऊ नये, हे त्या भागात सगळेच मानायचे. तुम्ही मात्र त्याला रेल्वेचा नियम करून टाकला होता, आणि तो दर वेळी सांगायचा, जणू मी दर वेळी नवीच होते. एकमेकांची चुकामूक झाली तर कोयत्याच्या मुठीनं झाडावर दोन ठोके द्यायचे. ऐकणाऱ्यानं दगडावर दगड आपटून उलट एक ठोका द्यायचा. तो आला की समजायचं, माणूस आपलंच आहे. "स्टेशनात आम्ही काय करतो गं? पलीकडच्या स्टेशनातनं घंटीचे ठोके येत्यात, आम्ही उलट ठोके देतो, मग लाईन क्लिअर. नुसत्या आवाजावर गाडी सोडतो व्हय?" मी विचारलं होतं, "आणि कुणी नावानं हाक मारलीच तर?" "ओ द्यायची न्हाय." "तुम्ही मारली तर?" तुम्ही पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीत आणि म्हणालात, "मी असलो तरी."

मग तो करवंदांचा दिवस. मी जाळीत कोपरापर्यंत हात घालून उभी आहे, फ्रॉक काट्याला अडकलाय. तुम्ही वरच्या अंगाला गेला आहात. खालून, ओढ्याकडून, तुमचा आवाज येतो. घरात तुम्ही आणि आई मला ज्या नावानं हाक मारायचा, त्या नावानं. ते नाव ना शाळेत कुणाला माहीत, ना स्टेशनात. मी ओ देते, आणि उतरायला लागते. आवाज पुन्हा येतो, आणखी थोडा खालून. चिडलेला नाही, घाईचा नाही, जेवायला बोलावल्यासारखा. मी उतरत राहते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरतं. वरून धावत आलेले तुम्ही, धाप लागलेली, कपाळाला फांदीचा ओरखडा. "हाक मी मारली न्हवती," म्हणालात, एवढंच. घरापर्यंत तुम्ही माझा दंड सोडला नाहीत. आईनं स्वयंपाकघरात माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, धुरानं भिंत दिसेना, आणि आपल्या तिघांपैकी कुणालाच ठसका लागला नाही. आई तुमच्याकडे बघत राहिली. "आता हिला रानात न्यायची न्हाय," तुम्ही म्हणालात. आणि नेलं नाहीतच. माझे रविवार गेले, त्याचा राग मला किती वर्षं पुरला ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. शाळा सुरू झाल्यावर मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इट वॉज ओन्ली अ‍ॅन एको, चाइल्ड." नुसता प्रतिध्वनी. मला ते पटलं. पुढे माझ्या वर्गांनाही मी तेच शिकवलं, की भुतंखेतं म्हणजे प्रतिध्वनी आणि अडाणीपणा. प्रतिध्वनी यायला आधी कुणीतरी हाक मारावी लागते, हे तेव्हा सुचलं नाही.

आता ऐका, या लोकांनी काय केलंय. करवंदांच्या त्या जाळ्या जिथं होत्या, तिथं सपाटी करून लोखंडी कठडा घातलाय आणि पाटी लावलीय, इको पॉइंट. ऊन कलायला लागलं की सगळ्यांना तिथं नेतात. "बर्री, बर्री, मॅडम, तुम्हीपण या," असं कानडी-मराठी मिसळून म्हणत मॅनेजरनं मलाही नेलं. "आता प्रत्येकानं आपलं नाव जोरात ओरडायचं. व्हॅली तुम्हाला आन्सर देते." मी म्हटलं, "अहो, तुम्ही कुठले?" म्हणाला, "चिकोडीचा." "तरीच. तिकडं कुठलं रान! रानात नाव घेऊ नये, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" "सांगतात की आमची पण म्हातारी माणसं," तो म्हणाला. "पण पब्लिकला हेच लई आवडतंय." आणि पब्लिक ओरडायला लागलं. बापे, बाया, पोरं, एकेकाचं नाव दरीत जायचं आणि परत यायचं. माझ्या नातीनंही ओरडून घेतलं. करवंदांच्या त्या दिवशी मी जेवढी होते, तेवढीच ती आहे आता. मी तिचा हात धरून उभी राहिले. आपल्या अडाणीपणाची मला लाज वाटत होती, पण हात सोडवत नव्हता.

मग चहा आल्याचं सांगितलं आणि सगळे तिकडे पांगले. कठड्याशी आम्ही दोघीच राहिलो. दरी शांत झाली, आणि खालून हाक आली. माझं ते नाव, आप्पा. त्या सबंध दुपारी कुणीही न घेतलेलं. तुम्ही गेलात, आई जाऊनही इतकी वर्षं झाली. ते नाव ठाऊक असलेलं जिवंत माणूस माझ्याशिवाय कुणी नाही. माझ्या मुलाला माहीत नाही, सुनेला नाही. आवाज तुमचा. जेवायला बोलावल्यासारखा. मला वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय. पण नात म्हणाली, "आजी, कोण हाक मारतंय? मी ओ देऊ?" आणि तिनं श्वास घेऊन तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडावर हात दाबला. जरा जोरातच दाबला असणार, कारण ती रडायला लागली आणि सूनबाई हातातला कप टाकून धावत आल्या. "आई, काय करताय? लागलं ना तिला!" मी म्हटलं, "लागू दे. तिला आधी इथून वर घेऊन जा." "पण झालं काय?" "मी सांगते म्हणून जा." त्यांनी मॅनेजरकडे अशा नजरेनं बघितलं की त्यात माझं वय, माझा स्वभाव, सगळं आलं. मुलीला पोटाशी धरून त्या गेल्या. मी एक दगड उचलला आणि कठड्याच्या पाइपावर दोन ठोके दिले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही काय?" मी त्याला गप्प बसायला सांगितलं. आयुष्यभर ज्या आवाजात वर्ग गप्प बसवले, त्या आवाजात. त्यानं टोपीसुद्धा काढली.

उलट ठोका आला नाही. मी थांबले. हाकच आली पुन्हा, आधीपेक्षा जवळून. तुमचाच आवाज, नाव घेताना शेवटचं अक्षर जरा लांबवायची तुमचीच सवय, पण ठोका नाही. तुम्ही असता तर ठोकलं असतं. विसरला नसता, नियमाचे एवढे पक्के होता तुम्ही. माझ्या हातून दगड सुटला. मी मागे न बघता वर चालत आले आणि सामान भरायला लावलं. उजेड असेतोवर आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो. गाडीत नातीच्या दंडावर माझा हात होता, आणि तो घरापर्यंत सुटला नाही. तिचे रविवार मी तोडणार नाही. पण तिला नियम सांगितलाय, ठोक्यांसकट, आणि "मी असले तरी" हेही सांगितलंय. सूनबाई अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

हे पत्र पाकिटात जाणार नाही. पाकिटावर तुमचं नाव घालावं लागेल, आणि तुम्ही जिथं आहात ते रान आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून खाली माझंही नाव लिहीत नाही. फक्त एक सांगते. तिथं मी ओ दिली नाही, तुमचा शब्द पाळला. पण परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. शेंगाचटणी करायला मिक्सर लावला, आणि त्याच्या आवाजात, मलाही ऐकू येणार नाही अशा बेतानं, मी ओ दिली. मग चटणीला तेल सुटलं, तिचा पार गोळा झाला, तरी मिक्सर थांबल्यावर काय ऐकू येईल, म्हणून तो बंद करायला हात होईना.