विलायती झेंडूचा वाफा

सिंदेवाही, २६ सप्टेंबर १९५४
आज बी टाकलं. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी पुडी दिली तेव्हा वाटलं, हे कसलं बी? सुकलेल्या अळीसारखं वाकडंतिकडं. म्हणाल्या, "सुशीलाबाई, विलायती झेंडू आहे. थंडीभर फुलते. रोपं तुम्ही वाढवा, मग शाळेत एकेका मुलीच्या हातानं एकेक लावू." मुली एकेचाळीस, आमची कुसुम धरून.
वाफा यांनी खणला. जंगल खात्याच्या रेंज ऑफिसातून आले, सदरा काढला, कुदळ घेतली. लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्यासाठी कुदळ आज पहिल्यांदा. मी मदतीला गेले तर म्हणे, "तू बस. मी करून राह्यलो ना."
बसले. छान वाटलं.

४ ऑक्टोबर
उगवलं! मुंग्यांसाठी कडेनं राख टाकली. शेजारच्या हमीदाबीच्या कोंबड्या एक कोपरा उकरून गेल्या. तीच धावत आली, "बाई, बांबू की कमच्या लगा लेव. ये मुर्ग्या मेरी सुनतेच नहीं." दुपारभर दोघींनी मिळून कुंपण केलं.

१७ ऑक्टोबर
शाळेत शिवण शिकवायला मला घेतलं. सध्या तात्पुरतं. उन्हाळ्यानंतर कायम होईल, असं मोठ्या बाई म्हणतात. मी! सातवी पास.
जेवताना यांना विचारलं, बदली तर नाही ना होणार? पाच वर्षांत तीन गावं झाली. कुसुमची ओळख होते न होते तो सामान बांधा.
"आता इथून हलाचं नाई. तू आपली शाळा सांभाळ."
कुसुमनं लगेच विचारलं, "नक्की ना बाबा?" तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाले.

३१ ऑक्टोबर
रोपं ओळीत लावली. शाळेचं कुंपण अजून नाही, बकऱ्या फिरतात, म्हणून तोवर इथंच. मुली येऊन आपापलं रोप निवडून गेल्या. प्रत्येकीनं कामटीवर नाव लिहून मातीत खोवलं. शेवंताचा व उलटा आला. राहू दिला.
हे ओट्यावर बसून बघत होते, हसत होते.

५ डिसेंबर
पहिलं फूल. शेवंताच्याच झाडाला. गर्द केशरी. पानं हाताला चिकटतात, वास उग्र, पण बरा वाटतो. संध्याकाळी पाकळ्या मिटल्या तर कुसुम म्हणते, झोपलं.

११ डिसेंबर
नागभीडहून पत्र. वडिलांना ताप, उतरत नाही. उद्याच्या गाडीनं कुसुमला घेऊन जाते. शाळेचं कुंपण होत आलं. आले की झाडं हलवू. यांना सांगितलं, पाणी तेवढं रोज द्या. "देतो ना, जा तू निश्चिंत."

१७ डिसेंबर
वडील बरे. गाडी दुपारी आली.
वाफा रिकामा. नुसते खड्डे. एकही नाही. एकेचाळीस कामट्या सुतळीनं बांधून ओट्यावर ठेवलेल्या. फेकल्यासुद्धा नाहीत. नीट बांधल्यात.
हमीदाबी म्हणाली, "मैं समझी तुमको मालूम है. साब खुद खडे थे."
हे आले ते हसतच. जंगल खात्याचे मोठे साहेब दौऱ्यावर आलेत, ते उतरलेत त्या सरकारी बंगल्यापुढे नुसती माती दिसत होती, म्हणून तिकडं लावली म्हणे. "झाडं काय, पुन्हा होतील."
नावं वाचली होती ना? विचारलं. हे पाय धुवायला मोरीवर गेले.

१८ डिसेंबर
बंगल्यावर चहाला चल, म्हणून मागे लागले. गेले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माझी झाडं. अर्धी माना टाकलेली.
साहेबांच्या बाई बोलायला चांगल्या. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना बागेची केवढी हौस! बी टाकण्यापासून सगळं यांनीच केलं ना?" हे तिथंच उभे, बशीकडे बघत.
मग त्याच म्हणाल्या, "आता सिरोंच्यालाही अशीच बाग करा. बदलीसाठी ऑगस्टपासून मागे लागले होते, शेवटी साहेबांनी ऐकलं."
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार...
घरी आल्यावर:
"सिरोंच्याले हेडक्लार्कची जागा हाये. असा चान्स पुन्हा येत नाई."
"मग मले सांगितलं काऊन नाई?"
"तू नाई म्हटली असती."
ऑगस्टमध्ये अर्ज. बी सप्टेंबरात टाकलं. कुदळ हातात घेतली तेव्हा यांना माहीत होतं. कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही.

१९ डिसेंबर
काही नाही. स्वयंपाक केला.

२१ डिसेंबर
शाळेत सांगावंच लागलं. शेवंता म्हणाली, "बाई, माहं झाड मेलं का?" म्हटलं, नाही, बंगल्यावर आहे. "मंग आणा ना."
साहेब काल गेले. मधल्या सुट्टीत मुलींना घेतलं, घमेली घेतली, निघाले. मोठ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या, अडवलं नाही. रेंज ऑफिसवरूनच रस्ता. हे खिडकीत दिसले. मी मान खाली घातली नाही.
बंगल्याचा माळी दसरू हात जोडत आला. "बाई, मले वाटलं तुमीच देल्ले. साहेबानं इचारलं तं मी काय सांगू?"
"सांगा, सुशीलाबाईनं नेले."
त्यानंच मग खुरपं घेतलं, मुळाशी मातीचा गोळा ठेवून एकेक काढून दिलं. तेवीस जगलेली. शेवंताचं नव्हतं. रडली. कुसुमनं तिला आपलं दिलं. सगळी शाळेच्या कुंपणात लावली.
घरी हे: "ऑफिसात माही इज्जत काढली तू."
माझी कधी काढली, ते यांना अजून कळलंच नाही.

८ जानेवारी १९५५
परवा ऑर्डर आली. महिनाअखेर सिरोंच्याला हजर व्हायचं. बदलीचं ऐकल्यापासून कुसुम यांच्याजवळ जात नाही. काल यांनी तिला हाक मारली तर ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. यांचा चेहरा बघवला नाही. राग आहे, तरी बघवला नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ दिला यांना. "गोड बोल" म्हणाले.
मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेमागची खोली रिकामी आहे, पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी राहा. लोक काय म्हणतील, विचारलं. म्हणाल्या, "म्हणतील. तुम्हाला काय वाटते, ते सांगा."


२६ जानेवारी
यांनी आपली पेटी भरली. भांड्यांचं पोतं शिवलं. बैलगाडी परवा पहाटे. दुपारी दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तुही ट्रंक कोणत्या बाजूनं ठेवू गाडीत?"
मी कुसुमची वेणी घालत होते. म्हटलं, "सध्या गाडीत नको. इथंच राहू द्या."