मीन राशीच्या जागी शनी

आबा, काल दुकानात एका मुलीची पत्रिका टाईप केली. रास मीन. चंद्राशेजारी तुमच्या पद्धतीने राशीचं चिन्ह घातलं, ♓, पाठीला पाठ लावलेले दोन कंस आणि मधून आडवी रेघ. पत्रिका ईमेलने मस्कतला गेली, तिथे स्थळ आलेल्या मुलाच्या बहिणीने उघडली आणि चिन्ह तिला जसंच्या तसं दिसलं. तेव्हापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

२००१ साली मी कट्टा गावात डीटीपीच्या दुकानात नोकरीला होते. भातशेती आणि काजू सांभाळून तुम्ही चाळीस वर्षं पत्रिका मांडल्या होत्या, पण आता तुमचा हात कापायला लागला होता. एका दुपारी तुम्ही कागद घेऊन दुकानात आलात आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलात. पत्रिका बांद्याच्या एका मुलीची, लग्नरास कन्या. सातव्या घरात चंद्र आणि त्याच्या बाजूला तुम्ही काढलेलं मीनेचं चिन्ह. मी चिन्हांचा फॉन्ट निवडते, इंग्रजी आयची कळ दाबते आणि पडद्यावर मीन उमटते. तुम्ही वाकून बघता. "कळ आयची आणि येता मीन?" तुम्ही विचारता. मी मोठ्या ऐटीत सांगते, "आतमदी आयच आसा आबा. वरसून फकत सोंग मीनेचा."

त्या आठवड्यात आमचा प्रिंटर बिघडला होता. मुलीचा भाऊ फ्लॉपी घेऊन गेला आणि बांद्यालाच छापून घेतो म्हणाला. तिथल्या मशीनमध्ये मराठीचा फॉन्ट होता, चिन्हांचा नव्हता. सोंग उतरलं, आणि त्या मराठी फॉन्टमध्ये त्या कळीवर श होता, आणि पत्रिकेत श म्हणजे शनी. चंद्राशेजारी शनी येऊन बसला, तोही सातव्या, विवाहाच्या घरात. खरा शनी बाराव्या घरात होताच. मुलाकडची माणसं पिंगुळीची. त्यांनी पत्रिका बघितली आणि बोलणी थांबवली.

तुम्ही हाताने काढलेली मूळ पत्रिका पिशवीत घालून एसटीने पिंगुळीला गेलात. मी हट्टाने सोबत आले. मुलाच्या काकांनी ओसरीवर चारचौघांत विचारलं, "जोशीबुवा, तुमच्या आभाळात शनी दोन आसत काय?" माणसं हसली. तुम्ही मूळ कागद पुढे ठेवलात. "एकच आसा. चूक माजी झाली." एवढंच बोललात. त्यांनी दोन्ही कागद ताडून बघितले, पाणी दिलं, आणि पुढे ते लग्न झालंही. येताना एसटीत मी म्हटलं, "मशीनची चूक होती, सांगलात नाय?" खिडकीबाहेर बघत तुम्ही म्हणालात, "खाली नाव माजा आसा गो." त्यानंतर प्रत्येक छापील पत्रिका तुम्ही भिंग लावून तपासायचात. पण 'दोन शनींचे जोशी' हे नाव कुडाळपर्यंत पसरलं आणि तुम्ही जाईपर्यंत सुटलं नाही. त्या नावाने कोणी हाक मारली तरी तुम्ही ओ द्यायचात. मी मान खाली घालायचे.

आता सगळ्या मशीन वापरतात त्या अक्षरांच्या एकाच यादीत मीनेला स्वतःचा क्रमांक आहे आबा, २६५३. मेष २६४८, वृषभ २६४९, तिथून पुढे ओळीने बाराही राशी. मधल्या सहांत ए ते एफ अक्षरं येतात, कारण ही मोजणी सोळाची आहे. घटका-पळं साठात मोजणाऱ्या माणसाला सोळा जड गेले नसते. आकार प्रत्येक फॉन्ट आपापला काढतो, कुठे बारीक, कुठे मोबाईलवर जांभळ्या चौकोनात. पण क्रमांक मीनेचाच राहतो. फॉन्टच नसला तर रिकामी चौकट दिसेल, शनी दिसणार नाही.

हे मी टाईप करून ठेवतेय, प्रिंट काढणार नाही. तुम्हाला मी मशीनची चूक म्हणून सांगितलं, ते पुरतं खरं नव्हतं. छापण्याआधी बांद्याहून दुकानात फोन आला होता. समोर लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं उभी होती. "चंद्राच्या बाजूक श दिसता, तसाच ठेवू?" तिथल्या ऑपरेटरने विचारलं. मी फाईल उघडूनही बघितली नाही. "दिसता तसा छाप," म्हटलं आणि फोन ठेवला.